वाट चुकलेल्या हृदयधमन्या

हृदयाच्या धमन्यांचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे थेट कोलेस्टेरॉल, साखर, तंबाखू आणि ब्लॉकेजवर जाते. त्यात वावगे काही नाही. कॅथलॅबबाहेरच्या बाकांवर बसलेल्या बहुतेकांचे दुखणे तेच असते. पण या धमन्यांच्या आजाराची आणखी एक तऱ्हा आहे आणि तिच्यात आत काहीही साचलेले नसते. धमनी स्वच्छ, भिंत मऊ, माणूस तरुण किंवा चक्क तान्हा. दोष एवढाच, की धमनी जिथून निघायला हवी तिथून निघालेली नाही, नाहीतर जिथून जायला नको तिथून गेलेली आहे. ही ठेवण आईच्या पोटातच ठरते. बहुतेक जण ती घेऊन सुखाने म्हातारे होतात. काही थोडे जण मैदानावर कोसळतात, तर काही बाळे पहिला वाढदिवसही पाहत नाहीत. यातला कोण कुठल्या गटात, हे आधी ओळखता येते का, हा या क्षेत्रातला खरा प्रश्न आहे. गेली नव्वद वर्षे त्यावर काम चालू आहे आणि उत्तर अजून अर्धेच हाती आले आहे.

नेहमीची रचना आधी पाहू. डाव्या कप्प्यातून महाधमनी वर निघते. तिच्या झडपेला लागूनच वर तीन खळगे असतात. उजव्या खळग्यातून उजवी कोरोनरी निघते, डाव्यातून डावी, आणि तिसरा रिकामा असतो. डावी धमनी जराशी पुढे जाऊन दुभंगते. एक फांदी हृदयाच्या पुढच्या भिंतीवरून खाली उतरते, तिला डॉक्टर एलएडी म्हणतात; दुसरी डावीकडून मागे वळसा घेते, ती सर्कमफ्लेक्स. डाव्या कप्प्याचा, म्हणजे सगळ्या अंगाला रक्त ढकलणाऱ्या स्नायूचा, मोठा भाग या दोन फांद्यांवर जगतो. हृदय आकुंचन पावते तेव्हा त्याचा स्नायू स्वतःच्याच धमन्या आवळतो, म्हणून डाव्या कप्प्याला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळते. हे ध्यानात असू द्या, पुढे दोनदा लागेल.

असे वेगळेपण किती जणांत असते? या प्रश्नाचे सर्वांत जास्त उद्धृत होणारे उत्तर अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे आहे. यामानाका आणि हॉब्स यांनी १९९० साली तिथल्या १,२६,५९५ अँजिओग्राफींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात १,६८६ जणांत, म्हणजे सुमारे १.३ टक्के लोकांत, धमन्यांची रचना वेगळी निघाली, आणि त्यातली पाचांत चार प्रकरणे निरुपद्रवी होती. लखनऊच्या संजय गांधी संस्थेने २००० साली ४,१०० रुग्णांचा हिशेब मांडला, तो ०.९५ टक्के आला. दुसरीकडे ह्यूस्टनचे पाओलो अँजेलिनी यांनी १,९५० अँजिओग्राफी काटेकोर निकष लावून तपासल्या, तेव्हा आकडा ५.६ टक्क्यांवर गेला. या तफावतीचे मोठे कारण व्याख्येत आहे. कुणी एलएडी आणि सर्कमफ्लेक्स यांची तोंडे वेगवेगळी असली तरी तो दोष धरतो, कुणी त्याला माणसामाणसांतला साधा फरक मानतो. शिवाय अँजिओग्राफी होते ती छातीत दुखणाऱ्यांची; त्यांच्यावरून सबंध समाजाचे अनुमान काढणे जोखमीचे असते. म्हणून मला अँजेलिनींच्याच गटाचे नंतरचे काम जास्त मोलाचे वाटते. त्यांनी ह्यूस्टन परिसरातल्या पाच हजारांहून अधिक शाळकरी मुलांचे एमआरआय काढले. धमनी उलट बाजूच्या खळग्यातून निघून महाधमनीच्या भिंतीतून जाते, असा जोखमीचा प्रकार त्यांना ०.४४ टक्के मुलांत दिसला. म्हणजे दोन-सव्वादोनशे मुलांत एक. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या हायस्कुलात असे चार-पाच विद्यार्थी असू शकतात, आणि त्यातल्या बहुतेकांना ते कधीच कळणार नाही.

अशी वाट चुकते कशी, याचे उत्तर गर्भशास्त्राने मध्यंतरी पार बदलले. महाधमनीला कोंब फुटतात आणि तेच पुढे कोरोनरी होतात, अशी जुनी समजूत होती. १९८९ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवले की घडते ते उलट. हृदयाभोवती आधी बारीक वाहिन्यांचे जाळे तयार होते आणि ते बाहेरून महाधमनीत शिरते. २०१० साली उंदरांवरच्या कामातून क्रिस्टी रेड-हॉर्स यांनी आणखी पुढचे सांगितले: या धमन्यांच्या पेशींपैकी बऱ्याच मुळात शिरेकडून आलेल्या असतात. धमनी आतून बाहेर न येता बाहेरून आत शिरत असेल, तर तिने कधी शेजारच्या खळग्यात, कधी लगतच्या फुप्फुस धमनीत तोंड उघडावे, यात फार आश्चर्य उरत नाही. या दोन महावाहिन्या गर्भात एकाच खोडातून वेगळ्या झालेल्या असतात. आईने गरोदरपणात काय खाल्ले, कुठले ग्रहण पाहिले, याच्याशी याचा काडीचाही संबंध नाही. हे मुद्दाम लिहिले, कारण अशा बाळाच्या आईला घरात पहिला प्रश्न तोच विचारला जातो.

आता सर्वांत गंभीर प्रकाराकडे येऊ. डावी कोरोनरी महाधमनीऐवजी फुप्फुस धमनीतून निघते. बालहृदयतज्ज्ञांच्या बोलण्यात याला 'अल्कापा' म्हणतात. प्रमाण साधारण तीन लाख जन्मांत एक, म्हणजे खरोखरच दुर्मीळ. बॉस्टनमधले ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड यांनी १९३३ साली तीन महिन्यांच्या एका बाळाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि हा विकार त्या तिघांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. यातले व्हाइट म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हृदयविकारात उपचार करणारे पॉल डडली व्हाइट. त्या बाळाला दूध पिताना झटके येत. ते कासावीस होई, पांढरे पडे, अंगाला गार घाम सुटे. आपण ज्याला अंजायना म्हणतो, तेच हे दुखणे. मोठ्या माणसाला जिना चढताना होते, कारण त्याच्यासाठी तो व्यायाम असतो. तान्ह्या बाळाच्या आयुष्यात दूध ओढण्याइतके कष्टाचे दुसरे काम नसते.

हा विकार जन्मताच का दिसत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. पोटात असताना बाळाच्या दोन्ही महावाहिन्यांत दाब जवळपास सारखाच असतो, म्हणून धमनी कुठूनही निघाली तरी रक्त पोचते. जन्मानंतर बाळ श्वास घेऊ लागते आणि पुढच्या काही आठवड्यांत फुप्फुसाकडचा दाब उतरतो. आता डाव्या कोरोनरीला रक्त ढकलणारे बळच राहत नाही. त्यावर कडी म्हणजे प्रवाह उलटा फिरतो. उजव्या कोरोनरीचे शुद्ध रक्त लहान जोडवाहिन्यांमधून डावीत येते आणि हृदयाच्या स्नायूला ओलांडून, कमी दाबाच्या फुप्फुस धमनीत निघून जाते. डावा कप्पा उपाशी राहतो, फुगतो, आणि मिट्रल झडपेला आधार देणारे स्नायू दुबळे झाल्याने झडप गळू लागते. उपचार झाले नाहीत तर दहातली सुमारे नऊ बाळे वर्षाच्या आत जातात. ज्यांच्या जोडवाहिन्या भक्कम असतात अशी थोडी माणसे वयात येतात, क्वचित पोक्तही होतात, पण अचानक मृत्यूची टांगती तलवार त्यांच्यावरही असतेच.

या प्रवाहाची दिशा पक्की ठरली ती १९६० साली. जॉन्स हॉपकिन्सचे सॅबिस्टन, नील आणि निळ्या बाळांच्या शस्त्रक्रियेमुळे जगाला माहीत झालेल्या हेलन टॉसिग यांनी दाखवले की अशा बाळाची ही वाकड्या ठिकाणाहून निघालेली धमनी मुळाशी दाबून धरली, तर तिच्यातला दाब कमी होण्याऐवजी वाढतो. म्हणजे ती रक्त आणत नव्हती, पळवत होती. त्यातून उपचार निघाला तो वरवर पाहता उफराटा: हृदयाची मुख्य धमनीच बांधून टाकायची. चोरी थांबली की काही बाळे तगत. पण सगळे हृदय एकाच धमनीवर सोपवणे हा शेवटचा तोडगा नव्हता. १९७९ साली जपानमधल्या ताकेउची यांनी फुप्फुस धमनीच्या आतून बोगदा काढून डावी कोरोनरी महाधमनीला जोडली. आज बहुतेक ठिकाणी धमनी तिच्या तोंडासकट कापून थेट महाधमनीत बसवतात. बाळाच्या एवढ्याशा कोरोनरी उचलून दुसरीकडे बसवण्याचा सराव शल्यविशारदांना आणखी एका शस्त्रक्रियेने दिला. महावाहिन्यांची अदलाबदल झालेल्या बाळांवर ब्राझीलच्या जातेने यांनी १९७५ साली ती यशस्वी करून दाखवली. या साऱ्या कहाणीत आनंदाचा भाग असा, की तान्ह्या हृदयाची सावरण्याची ताकद अफाट असते. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर फुगलेला, जेमतेम हलणारा कप्पा काही महिन्यांत बराचसा पूर्ववत होतो आणि गळणारी झडपही अनेकदा आपोआप सुधारते.

अडचण वेळेवर ओळखण्याची आहे. बाळ निळे पडत नाही. हृदयाचा आवाज कधी असतो, कधी नसतो. इकोमध्ये कप्पा मोठा आणि कमजोर दिसतो आणि कागदावर 'डायलेटेड कार्डिओमायोपॅथी' असे लिहिले जाते, म्हणजे स्नायूचाच आजार, गोळ्या घ्या. जाणकार बालहृदयतज्ज्ञ यावर ठाम असतात: मोठ्या हृदयाच्या प्रत्येक तान्ह्या बाळात डावी कोरोनरी कुठून निघते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्नायूला दोष द्यायचा नाही. ईसीजीत ठरावीक जागी, पहिल्या आणि एव्हीएल या लीडमध्ये, खोल क्यू लहरी दिसल्या तर संशय पक्का होतो. आणि दवाखान्याच्याही आधी घर असते. दूध पिता पिता थांबून कळवळणाऱ्या बाळाला आपल्याकडे पोटात कळ आली म्हणून ग्राइप वॉटर देतात, हिंगाचा लेप लावतात, दृष्ट काढतात. शेकडो बाळांत ते खरेच गॅसचे दुखणे असते, हेही मान्य. पण घाम हा फरक आहे. पोट दुखणारे बाळ लाल होऊन हातपाय झाडते. ज्याचे हृदय उपाशी आहे ते पांढरे पडते, कपाळ ओले होते, दम लागतो आणि वजन वाढत नाही.

दुसरा महत्त्वाचा प्रकार मोठ्या मुलांचा आणि तरुणांचा. इथे धमनी निघते महाधमनीतूनच, पण समोरच्या खळग्यातून. डावी उजव्या खळग्यातून निघते, किंवा उजवी डाव्यातून. मग आपल्या मुलुखात पोचण्यासाठी तिला वाट काढावी लागते. ती महाधमनीच्या मागून गेली, तर बहुधा काही बिघडत नाही. सर्कमफ्लेक्सच्या बाबतीत हे बऱ्यापैकी आढळते. तिथे सावध राहायचे ते झडप बदलणाऱ्या सर्जनने, टाका त्या धमनीत जाऊ नये म्हणून. पण ती महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांच्या बेचक्यातून गेली, तर मामला गंभीर.

१९७४ पर्यंत यालाही पाठ्यपुस्तकी कुतूहल समजत. त्या वर्षी चेटलिन, डी कॅस्ट्रो आणि मॅकॲलिस्टर यांनी ५१ शवविच्छेदनांचा अभ्यास छापला आणि शीर्षकातच हा दोष तितकासा किरकोळ नाही असे बजावले. डावी धमनी उजव्या खळग्यातून निघालेल्या ३३ जणांपैकी ९ जण श्रमांनंतर अचानक गेले होते. २००० साली बासो, मॅरॉन, कोराडो आणि थिएने यांनी अमेरिका आणि इटलीतल्या २७ तरुण खेळाडूंचे मृत्यू तपासले. तेवीस जणांत डावी धमनी चुकलेली होती, चौघांत उजवी. सगळ्यांचा मृत्यू जोरदार खेळताना किंवा खेळ थांबल्याबरोबर झाला होता. त्यातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब पुढे आहे. ज्यांचा मृत्यूपूर्वी ईसीजी काढला होता अशा नऊही जणांचा तो नॉर्मल होता, आणि ज्यांची स्ट्रेस टेस्ट झाली होती त्या सहाही जणांची तीही नॉर्मल होती. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा ईसीजी काढतात. स्नायू जाड होण्यासारख्या आजारांवर त्याचा उपयोग दिसला आहे. या दोषापुढे मात्र तो कागद जवळजवळ मुका राहतो. हाती राहतो तो एकच धागा: २७ पैकी दहा जणांना आधी काहीतरी त्रास झालेला होता, पळताना चक्कर, शुद्ध हरपणे, छातीत कळ.

आवळले जाते नेमके काय, यावर बराच खल झाला. फुगलेली महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांच्यात ती चिमटली जाते हे स्पष्टीकरण सोपे म्हणून पुस्तकांत रुजले. पण फुप्फुस धमनीतला दाब कोरोनरी चेपण्याइतका नसतोच. धमनीच्या आतून अल्ट्रासाउंड घालून पाहिल्यावर निराळे चित्र दिसले. अशा धमनीचा सुरुवातीचा तुकडा अनेकदा महाधमनीच्या भिंतीच्या जाडीतूनच सरकत जातो. तिचे तोंड गोल नसून शर्टाच्या काजासारखी अरुंद फट असते आणि ती तिरकस कोनात निघते. पळताना महाधमनी दर ठोक्याला ताणली जाते, भिंतीतला तुकडा बाजूने चपटा होतो, आणि त्याच वेळी नाडी वाढल्याने ठोक्यांमधला विसावाही आखूड झालेला असतो. तुटवडा असा दोन्हीकडून येतो. प्रत्येक धावेला तो येत नाही, म्हणूनच आज नॉर्मल आलेली स्ट्रेस टेस्ट उद्याची हमी देत नाही.

धोका किती, हे सांगताना आकडा दोन्ही अंगांनी पाहायला हवा. अमेरिकी सैन्यात १९७७ ते २००१ या काळात भरती झालेल्या ६३ लाख जवानांच्या प्रशिक्षणातले अचानक मृत्यू तपासले गेले. हृदयात ओळखू येणारा दोष सापडला अशा ६४ मृत्यूंपैकी २१ या डाव्या धमनीच्या प्रकाराचे होते. एक तृतीयांश, म्हणजे भयंकरच. आता ह्यूस्टनच्या शाळकरी मुलांतले डाव्या धमनीचे प्रमाण, सुमारे ०.१२ टक्के, या ६३ लाखांना लावून पाहा. अशी धमनी असलेले साधारण साडेसात हजार जण त्या कवायतीतून गेले असावेत. त्यातले एकवीस गेले. हा ढोबळ हिशेब आहे, दोन वेगळ्या गटांचे आकडे त्यात जोडले आहेत, पण चित्राची दुसरी बाजू तो दाखवतो: पहाटेपासून रात्रीपर्यंत दमवणाऱ्या प्रशिक्षणातही बहुसंख्य जण तरले. उजव्या धमनीचा प्रकार डावीपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त आढळतो आणि त्याने मृत्यू मात्र फार कमी होतात. फिलाडेल्फियाच्या एका गटाने स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्या मुलामुलींचा वीस वर्षांचा अंदाज काढला, तो डाव्या धमनीसाठी ६.३ टक्के आणि उजवीसाठी ०.२ टक्के होता. पस्तिशी ओलांडल्यावर दोन्हींतला धोका बराच उतरतो.

आणि तरी एखादे आयुष्य सगळे हिशेब मोडून जाते. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू पीट मॅराविच कॉलेजात सामन्यामागे सरासरी ४४.२ गुण करायचा, तो विक्रम आजही उभा आहे. पुढे दहा हंगाम तो व्यावसायिक बास्केटबॉल खेळला. ५ जानेवारी १९८८ रोजी, चाळिसाव्या वर्षी, पॅसाडेनातल्या एका चर्चच्या कोर्टवर मित्रांबरोबर सहज खेळताना तो कोसळला. शवविच्छेदनात निघाले की त्याला डावी कोरोनरी नव्हतीच. आयुष्यभर सगळा भार एकट्या उजवीने वाहिला होता. असा माणूस मैदानावर टिकला कसा, हेच डॉक्टरांना कोडे पडले. मला त्यातून जाणवते ते हे, की नुसत्या रचनेवरून भविष्य सांगणाऱ्याने जपून बोलावे.

बाकीच्या प्रकारांवर इतके रेंगाळायचे कारण नाही. कोरोनरी फिस्टुलात धमनी स्नायूला रक्त देण्याआधीच एखाद्या कप्प्यात, बहुधा उजव्या बाजूला, उघडते. स्टेथोस्कोपला सतत घरघर ऐकू येते. लहान असेल तर लक्ष ठेवायचे, मोठी असेल तर आजकाल छाती न उघडता कॉइलने बंद करतात. दुसरा प्रकार मायोकार्डियल ब्रिजिंग, म्हणजे धमनीचा तुकडा वरून जाण्याऐवजी स्नायूत बुडून जातो. शवविच्छेदनात हे सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत सापडते, म्हणजे त्याला विकार म्हणावे की नाही इथूनच शंका. दर ठोक्याला तो तुकडा आवळला जातो खरा, पण रक्त वाहते ते विसाव्यात, म्हणून बहुतेकांना काही होत नाही. रिपोर्टात हा शब्द वाचून घाबरलेली माणसे अलीकडे बरीच भेटतात. त्रास असलाच तर ठोके मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी भागते. नायट्रेटने उलट आवळणे वाढू शकते, आणि तिथे स्टेंट घालण्याची घाई तर करूच नये. स्नायूच्या मारापुढे तो मोडतो किंवा पुन्हा बुजतो.

लहान मुलांच्या धमन्यांवर फुगे दिसले तर ते जन्मजात मानण्याआधी कावासाकी आजार होऊन गेला का, हे विचारावे. तापानंतर येणारा तो मिळवलेला आजार आहे आणि वेळेवर इम्युनोग्लोब्युलिन मिळाले तर धमन्या बऱ्याच वेळा वाचतात. टेट्रालॉजी ऑफ फॅलो असलेल्या निळ्या बाळांत सुमारे वीसांत एकाची एलएडी उजव्या धमनीतून निघून, सर्जनला जिथे कापायचे असते नेमकी तिथूनच आडवी जाते. ते आधी माहीत नसेल तर एका दोषाची दुरुस्ती करताना दुसराच घात होतो.

या सगळ्या ज्ञानाचा पाया ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अपघाताने पडला. क्लीव्हलँडमध्ये मेसन सोन्स एका तरुणाच्या महाधमनीत रंगद्रव्य सोडत असताना नळी उजव्या कोरोनरीत सरकली आणि सगळे द्रव्य तिच्यात गेले. हृदय थांबले, रुग्णाला खोकायला सांगितले, हृदय पुन्हा सुरू झाले. जिवंत माणसाची कोरोनरी अशी पाहता येते हे त्या दिवशी कळले. त्याआधी ती पाहायची तर शवागारातच. आता काम सीटी अँजिओने होते आणि या दोषांसाठी ती जुन्या अँजिओग्राफीपेक्षा सरस आहे, कारण धमनी कोणत्या दोन गोष्टींच्या मधून जाते हे ती तिन्ही अंगांनी दाखवते. लहान मुलांत जाणत्या हाताचा इको पुष्कळदा पुरतो. मात्र त्या हाताने धमन्यांची तोंडे मुद्दाम शोधली पाहिजेत. झडपा आणि पडदे पाहून रिपोर्ट लिहिला तर ती निसटतात.

उपचारांबाबत कुठे एकमत आहे आणि कुठे नाही, हे सरळ सांगता येते. चुकलेल्या धमनीमुळे त्रास होत असेल किंवा रक्त कमी पडल्याचा पुरावा असेल, तर शस्त्रक्रिया. यावर २०१८ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांपासून सगळे सहमत आहेत. डावी धमनी बेचक्यातून जाते आणि त्रास काहीच नाही, अशा तरुणालाही त्या सूचना शस्त्रक्रियेकडे झुकवतात. उजवी धमनी, त्रास नाही, चाचण्या ठीक, इथे मात्र डॉक्टर आणि कुटुंब यांनी बसून ठरवायचे. शस्त्रक्रियेत भिंतीतल्या तुकड्याचे छत आतून उघडतात आणि तोंड योग्य खळग्यात रुंद करतात. हाताळणी झडपेच्या अगदी लगत असल्याने पुढे झडप गळण्याचा धोका राहतो, म्हणून 'निघालाय तर करूनच टाका' हा आपल्याकडचा उत्साह इथे कामाचा नाही. बायपासही सहसा उपयोगी नसतो, आणि त्याचे कारण गमतीचे आहे. स्वस्थ बसलेले असताना मूळ धमनी व्यवस्थित वाहत असते, त्या जोरापुढे जोडलेल्या नळीला कामच उरत नाही आणि ती मिटून जाते.

पन्नाशीच्या माणसाने दुसऱ्याच कारणासाठी सीटी अँजिओ केली, त्यात उजवी धमनी डावीकडून निघालेली दिसली, असे प्रसंग आता मुंबई-पुण्यातच नव्हे, नाशिक-कोल्हापुरातही घडतात. माझ्या मते या गृहस्थाला बहुतेक वेळा आश्वासनाची गरज असते. पन्नास वर्षे ज्या धमनीने साथ दिली, तिच्यावर नुसत्या चित्राच्या आधाराने छाती उघडणे हा उपचाराचा अतिरेक होईल. बाकीच्या ब्लॉकेजच्या सवयी सुधारल्या तर त्याचे जास्त भले होईल.

उलट जिथे खरी निकड आहे, तिथे आपली यंत्रणा अजून पोचत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून झाली. त्यात अंगणवाड्यांची वर्षातून दोनदा आणि शाळांची एकदा तपासणी होते, जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहेत आणि शस्त्रक्रियेची सोयही होते. पण अल्कापाचे बाळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आजारी पडते. अंगणवाडीच्या तपासणीपर्यंत ते थांबत नाही. मात्र त्याच काळात, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, प्रत्येक आई बाळाला लसीसाठी घेऊन येते. तिथे आशाताईने किंवा परिचारिकेने एक प्रश्न विचारायला पैसा लागत नाही: दूध पिताना बाळाला घाम येतो का, पिता पिता थांबून ते पांढरे पडते का? होय म्हणणाऱ्या शंभरातल्या बहुतेक आयांच्या बाळांना काही झालेले नसेल. पण हा प्रश्न अल्कापाबरोबरच हृदयाचे इतरही कितीतरी दोष पकडतो, म्हणून तो वाया जात नाही.

दुसरी उणीव शवविच्छेदनाची. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार दगावले, तेव्हा ऊन, पाणी आणि भरतीच्या ताणाची चर्चा झाली आणि ती रास्तच होती. त्या मृत्यूंचा या विषयाशी संबंध जोडणे अन्यायाचे होईल. पण धावताना गेलेल्या कुठल्याही तरुणाची बातमी आपल्याकडे 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने' या शब्दांवर संपते आणि व्हिसेरा राखून ठेवला की फाइल मिटते. अमेरिकी सैन्याला आपला तो आकडा मिळाला, कारण प्रत्येक हृदयाच्या दोन्ही धमन्यांची तोंडे कुणीतरी शोधून नोंदवली होती. पस्तिशीच्या आतल्या प्रत्येक अचानक मृत्यूत ही नोंद सक्तीची करायला कायदा लागत नाही, शवविच्छेदनाच्या छापील फॉर्ममध्ये एक ओळ वाढवावी लागते.

गल्लोगल्ली मॅरेथॉन होत असताना सगळ्यांचे सीटी अँजिओ काढा असे मी म्हणणार नाही. ते ना परवडेल, ना शहाणपणाचे ठरेल. पण क्रीडाशिक्षक, भरतीपूर्व अकादम्यांचे प्रशिक्षक आणि पालक यांना एवढे सांगणे आहे. उन्हात उभे राहून चक्कर येणारा मुलगा निराळा आणि ऐन धावण्याच्या भरात शुद्ध हरपणारा मुलगा निराळा. दुसऱ्याला उपाशी होता, झोप झाली नव्हती, असे म्हणून लिंबूपाणी देऊन परत ट्रॅकवर उतरवू नका. त्याला हृदयतज्ज्ञाकडे न्या, ईसीजी नॉर्मल आला तरी तिथे थांबू नका, आणि विचारा: याच्या दोन्ही कोरोनरी कुठून निघतात, ते तुम्ही पाहिले का?